पुन्हा येणार का?

"'जाते' म्हणू नये गं, 'येते' म्हणावं. जीभ काय, वळवावी तिकडे वळते. मग चांगल्याकडेच वळवावी की!"

आईनं हे सांगितलं तेव्हा खिडकीताई सहा वर्षांची होती. मावशीच्या दारात, एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी ती उभी होती आणि "मी जाते" म्हणून मोकळी झाली होती. आईनं तिला परत आत नेलं, बसवलं, उठवलं आणि "येते हं मावशी" म्हणायला लावून मगच बाहेर काढलं. आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण सांगितलेलं मुरलं ते मुरलंच. पुढं याच एका शब्दानं मनाच्या दवाखान्याचा सगळा हिशेब उलटापालटा होईल, हे त्या माउलीच्या स्वप्नातही आलं नसेल.

मनाचा दवाखाना म्हणजे टपाल कचेरीच्या मागची दुमजली इमारत. पाटीवर नाव लांबलचक होतं, पण ते पूर्ण वाचेपर्यंत ओळखीचं कुणीतरी बघेल या भीतीनं माणसं पाटी न वाचताच आत शिरत. आत बसायचा हॉल, चौदा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती. कोपऱ्यात कुंडी. वाट बघणारा प्रत्येक जण हाताला चाळा म्हणून त्या कुंडीत पेलाभर पाणी ओतायचा, त्यामुळे झाड बारा महिने पिवळं. आणि समोर नोंदणीची खिडकी. त्या खिडकीमागं बावीस वर्षं बसणारी बाई म्हणजे खिडकीताई. खरं नाव कचेरीच्या कागदावर असेल तेवढंच.

खिडकीला जाड काच होती. काचेला भोक होतं, पण करणाऱ्यानं ते हाताच्या उंचीवर केलं होतं, तोंडाच्या नव्हे. कागद आरपार जायचा, शब्द जायचा नाही. त्यामुळे खिडकीताईनं पहिल्याच वर्षी आवाज कमावला. तिला त्या आवाजाचा अभिमान होता. "आमच्या खिडकीवर कुणाला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही," ती सांगायची. पलीकडून येणारा आवाज मात्र अर्धामुर्धा पोचायचा, म्हणून ऐकलेलं बरोबर आहे ना, याची खात्री ती पुन्हा म्हणून करून घ्यायची. कामात चूक नको.

"काय त्रास होतो?"

"जरा... भीती वाटते."

"भीती! कशाची? उंचीची का माणसांची?"

गृहस्थानं मागं वळून चौदा खुर्च्यांकडे बघितलं. "माणसांची," तो पुटपुटला.

"माणसांची भीती! बरं. बसा हं, तिथं माणसं बसलीत ना, त्यांच्यातच बसा."

मनानं बाई लोण्यासारखी. कुणी रडत आलं तर काचेच्या भोकातून रुमाल द्यायची, कुणाचा नंबर लांबला तर स्वतःच्या डब्यातलं काढून द्यायची. येणाऱ्याचा त्रास कमी व्हावा एवढीच तिची इच्छा. पण इच्छा गोड असली म्हणून आवाज गोड निघतोच असं नाही.

तिच्या नोंदवहीत सहा रकाने होते. शेवटचा रकाना दोन वर्षांपूर्वी वरच्या कचेरीनं वाढवला होता: 'पुन्हा येणार का?' हो किंवा नाही, एवढंच. सेवा कशी आहे हे त्यावरून कळणार होतं म्हणे. खिडकीताईला हा रकाना सगळ्यांत सोपा वाटायचा. माणूस डॉक्टरीणबाईंना भेटून बाहेर आलं की खिडकीसमोरून जायचं आणि जाता जाता म्हणायचं, "येतो ताई," "येते हं." की हिनं केलीच खूण: हो.

*

टक्केसाहेब आले ते चैत्रातल्या एका सोमवारी. पन्नाशीचे गृहस्थ, शर्टाला इस्त्री, खिशाला दोन पेनं. वरच्या कचेरीनं त्यांना ठिकठिकाणच्या दवाखान्यांतली माहिती तपासायला पाठवलं होतं. नाव काही का असेना, पहिल्याच दिवशी शिपायानं विचारलं, "साहेब, चहा घेणार का?" आणि त्यांनी उत्तर दिलं, "सत्तर टक्के." त्या क्षणापासून ते टक्केसाहेब. शिपायानं पाऊण कप आणला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खिडकीताईला आत बोलावलं. डॉक्टरीणबाई हळू बोलायच्या. इतक्या हळू, की समोरच्याला आपोआप पुढं झुकावं लागायचं आणि झुकलेलं माणूस अर्धं मोकळं झालेलं असायचं. आज त्यांच्या टेबलावर टक्केसाहेबांनी एक मोठा कागद पसरला होता. त्यावर दोन खांब. एक ताडासारखा, दुसरा त्याच्या गुडघ्याएवढा.

"ताई," टक्केसाहेब म्हणाले, "तीन महिन्यांत दोनशे बारा नवी माणसं आली. त्यातली दोनशे चार 'पुन्हा येणार' म्हणाली. शहाण्णव टक्के."

"अगंबाई, चांगलंच आहे की!"

"परत आली त्र्याऐंशी."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"एवढी माणसं खोटं बोलत नाहीत," टक्केसाहेब म्हणाले. "म्हणजे एक तर इथं उपचार वाईट होतात..."

"जिभेला काही हाड?" खिडकीताई उसळली. "बाईंसारखी डॉक्टर शोधून सापडायची नाही!"

"...नाही तर नोंद चुकीची होते." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "वरचं म्हणणं असं आहे, की नोंदीवर विश्वास ठेवता येत नसेल तर महिनाअखेर खिडकी बंद करावी. तिथं यंत्र बसेल. माणसानं यायचं, पडद्यावर बोट लावायचं. तुम्हाला भांडारात जागा देतील. गोळ्यांची खोकी मोजायची."

भांडार गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथं माणूस म्हणून कुणी फिरकत नसे. खोकं रडत नाही, खोक्याला रुमाल द्यावा लागत नाही. बावीस वर्षं माणसं बघितलेल्या बाईला ते ऐकूनच कसंनुसं झालं. नोकरी सुटत नव्हती, पगारही तेवढाच राहणार होता, पण खिडकी जाणार होती. आणि ती नोंद चुकीची कशी, हेच तिला कळत नव्हतं. तिनं एक तरी खूण मनानं केली होती का? कानांनी ऐकल्याशिवाय एकही नाही!

घरी गेली ती तणतणतच. नवरा छापखान्यात होता. यंत्रांच्या खडखडाटात तीस वर्षं घालवून त्यानं दोन्ही कान छापखान्यालाच देऊन टाकले होते. सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत बसल्या होत्या.

"अहो," ती म्हणाली, "खिडकी बंद करणारेत!"

"कर की," नवरा म्हणाला. "वारा येतोच आहे मघापासून." आणि उठून स्वतःच घराची खिडकी लावून आला.

"अहो, ती नव्हे! माझी! दवाखान्यातली! महिनाअखेर!"

"काय?"

"माझी! खिडकी!"

"हळू गं सूनबाई," सासूबाई भाजीवरची नजर न काढता म्हणाल्या. "तीन घरं पलीकडं कळलं. आता हळूहळू त्यालाही कळेल."

*

टक्केसाहेब शुक्रवारी निघाले. पिशवी खांद्याला लावली, वह्या काखेत मारल्या, खिडकीसमोर थांबले. माणूस काही वाईट नव्हता. जाताना निरोप घ्यावा एवढी रीत त्यांच्यात होती.

"येतो ताई," ते म्हणाले.

खिडकीताईचा राग नाकाच्या शेंड्यावर होता, पण हात सवयीचा. हातानं नोंदवही ओढली, मोकळी ओळ शोधली आणि शेवटच्या रकान्यात खूण केली: हो.

टक्केसाहेब दोन पावलं गेले, थबकले, परत आले. काचेला नाक लावून त्यांनी वहीत बघितलं.

"हे काय केलंत?"

"कुठं काय?"

"ही खूण. कुणाची?"

खिडकीताईनं खाली बघितलं. "अय्या, तुमचीच. हाताला वळण पडलंय हो. तुम्ही येतो म्हणालात ना!"

"पण मी कुठं येणार आहे? माझं इथलं काम संपलं!"

"मग येतो कशाला म्हणालात?"

"अहो, म्हणजे... जातो कसं म्हणायचं?"

दोघंही एकमेकांकडे काचेतून बघत राहिली. हॉलमधल्या कुणीतरी कुंडीत पाणी ओतलं, तेवढा आवाज झाला. मग टक्केसाहेबांनी पिशवी खांद्यावरून उतरवली आणि त्या डुगडुगत्या खुर्चीत बसले.

"ताई, तुम्ही हा प्रश्न कुणाला विचारता का?"

"विचारायचं कशाला? माणसं आपण होऊन सांगतात."

"दोनशे चार माणसांनी निरोप घेतला," टक्केसाहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "आणि आपण ते वचन म्हणून मांडून ठेवलं! दोन वर्षं! आणि वर मी त्याचे खांब काढले, रंग भरून!"

"मग ते बाकीचे आठ?" शिपायानं विचारलं. तो झाडू टेकवून ऐकत होता.

खिडकीताईनं पानं उलटली. "ते काही न बोलता गेले. म्हणून 'नाही' केलं."

"त्यातले परत किती आले?"

तिनं बोटानं ओळी जुळवल्या. "सात."

टक्केसाहेब इतके हसले, की खुर्चीचा डुगडुगता पाय कायमचा निखळला.

हसू ओसरल्यावर तिघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसली. चूक सापडली खरी, पण प्रश्न जागच्या जागी. परत न आलेली एकशे एकोणतीस माणसं कुठं गेली आणि का?

"त्यांनाच विचारू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ज्यांनी फोन केला तर चालेल असं लिहून दिलंय त्यांनाच. भांडारात पाठवायच्या आधी ताईंना हे काम करू दे. त्या माणसांना ओळखतात."

टक्केसाहेबांनी यादी केली. एकसष्ट नंबर निघाले. नियम डॉक्टरीणबाईंनी घातले: मागच्या खोलीतून, दार लावून बोलायचं. कागदावर नाव लिहायचं नाही, फक्त कारणापुढं रेघ. कुणी नको म्हटलं की माफी मागून फोन ठेवून द्यायचा. "आणि ताई, ती भिंत पातळ आहे. पलीकडे लोक मन मोकळं करत असतात. अगदी कुजबुजल्यासारखं बोला."

"'का आला नाहीत' असं नका विचारू," टक्केसाहेबांनी बजावलं. "ते शाळेतल्या बाईंसारखं वाटतं. 'येताना काय नकोसं वाटतं' असं विचारा. आणि उत्तर आलं, की मध्ये बोलू नका."

मध्ये न बोलणं! खिडकीताईला वाटलं, त्यापेक्षा खोकी मोजणं सोपं.

*

मागच्या खोलीत जुने पंखे, तुटका पडदा आणि एक टेबल होतं. टेबलावर फोन. सोमवारी खिडकीवर शिपायाला बसवून तिनं पहिला नंबर लावला.

"नमस्कार, मनाच्या दवाखान्यातून बोलतेय," ती कुजबुजली. "कसं आहे?"

"बरं आहे."

"येताना काही नकोसं वाटतं का?"

"छे छे! छानच आहे सगळं. येते हं कधीतरी." आणि फोन बंद.

तिनं कपाळाला हात लावला. परत तेच! मग तिनं टक्केसाहेबांचं ऐकायचं ठरवलं. प्रश्न विचारला, की ओठ दातांखाली धरायचे आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. आश्चर्य असं, की साधारण बाराव्या आकड्याला माणसं खरं बोलू लागायची.

एक बाई म्हणाल्या, दवाखाना सुटतो आणि शेवटची बस त्याच वेळी निघते, मागून पळावं लागतं. "मन शांत करून बाहेर यायचं आणि बसमागं धावायचं, त्यात सगळं परत जागच्या जागी." एका ड्रायव्हरला गोळीनं गुंगी यायची. ते सांगायला यायचं तर नंबर लावा, थांबा. कुणाला तीन तास बसवत नव्हतं. पाच जणांना खरोखरच बरं वाटलं होतं, आणि त्यातल्या एकीनं तर अर्धा तास लोणच्याच्या बरण्यांना बुरशी येऊ नये म्हणून काय करावं तेही सांगितलं. खिडकीताई रेघा मारत गेली. पाचाची जुडी झाली, की आडवी रेघ.

आणि मग बाविसावा नंबर लागला. तो एका शिंप्याचा होता. वय साठीच्या घरातलं, आवाज कापडासारखा मऊ.

"येताना काय नकोसं वाटतं?" ती कुजबुजली आणि मोजू लागली. एक, दोन, तीन...

"डॉक्टरीणबाई देवमाणूस आहेत," शिंपीकाका म्हणाले. "तिथं काही म्हणणं नाही."

...नऊ, दहा, अकरा...

"पण ती खिडकीवरची बाई आहे ना."

खिडकीताईचं मोजणं थांबलं.

"मी तिला कानात सांगावं तसं सांगितलं, की झोप येत नाही, आणि मधेच रडू येतं. तर ती अशी ओरडली, 'झोप नाही, रडू येतं, असंच ना?' असंच ना काय! अख्ख्या हॉलनं माना हलवल्या. आणि नेमके माझे व्याही तिथं पंखा दुरुस्त करायला आलेले, शिडीवर उभे. मुलीच्या सासरी संध्याकाळपर्यंत बातमी. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी मला उशी पाठवली. नवी, कापसाची!"

तिला हसू आलं, आणि हसू येता येताच डोळ्यांत पाणी आलं.

"बाई वाईट नसेल हो," शिंपीकाका पुढं म्हणाले. "पण मनातलं तिच्या हातात द्यायचं म्हणजे दवंडीवाल्याच्या हातात चिठ्ठी. तुमच्यासारखं हळू बोलणारं कुणी तिथं बसलं असतं तर मी आलो असतो."

"बरं," ती कशीबशी म्हणाली, आणि फोन ठेवला.

कारण काय लिहावं? तिनं पेन्सिल उचलली, ठेवली. मग सगळ्यांत खाली, जिथं टक्केसाहेबांनी 'इतर' लिहिलं होतं, तिथं एक बारीक रेघ मारली. हे एखादंच असेल, तिनं मनाला समजावलं. स्वभाव असतो एकेकाचा, मनाला लावून घेण्याचा.

पण तेविसाव्या नंबरानंही तेच सांगितलं. पंचविसाव्यानं तर तिच्या आवाजाची नक्कल करून दाखवली, आणि नक्कल इतकी हुबेहूब, की पातळ भिंतीपलीकडून डॉक्टरीणबाईंनी टकटक केली. "ताई, हळू!" माणसांची भीती वाटणारा गृहस्थ म्हणाला, "आता मला माणसांची भीती वाटत नाही. एकाच बाईची वाटते." आणि कुणालाही, एकालाही, ओळखू आलं नाही की पलीकडे तीच आहे. बावीस वर्षांत ती हळू बोललेली कुणी ऐकलीच नव्हती.

गुरुवार संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस माणसं बोलली. बसचे नऊ. थांबण्याचे आठ. गुंगीचे सहा. खरंच बरे झालेले पाच. आणि इतर, एकोणीस.

*

शुक्रवारी सकाळी टक्केसाहेब परत आले. वहीतली त्यांची 'हो' खूण अशा रीतीनं खरी ठरली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"बसची वेळ बदलून घेता येईल. जुन्या माणसांना फोनवरच गोळीचं विचारता येईल, तेवढी रांग घटेल. उत्तम!" मग बोट खाली सरकलं. "पण हे इतर म्हणजे काय? चाळीस टक्के! इतर इतकं मोठं असतं का कुठं? आमच्याकडे इतरमध्ये दोन-तीन रेघा असतात, कुणाला भिंतीचा रंग आवडत नाही, असल्या."

"असतं असंच काहीबाही," खिडकीताई म्हणाली.

"असंच म्हणजे?"

"म्हणजे इतर."

टक्केसाहेबांनी मान डोलावली. माणूस दमला होता, आणि कागदावर बेरीज जुळत होती. ते कागद घडी करायला लागले.

त्या घडीबरोबर सगळं मिटलं असतं. बस बदलली असती, रांग कमी झाली असती, आकडा थोडा वर गेला असता, खिडकी राहिली असती. खिडकीताईला रात्रभर हेच दिसत होतं. पण तोंडचं खोटं वाऱ्याबरोबर जातं, कागदावरचं खोटं रोज सकाळी आपल्याकडे बघत बसतं. आणि ती एकोणीस माणसं काही कागदावर राहत नव्हती. कुणी जागं होतं, कुणी दार लावून बसलं होतं, एकाच्या उशाशी व्याह्यांची उशी होती.

"साहेब, जरा द्या तो."

तिनं कागद टेबलावर सरळ केला. 'इतर' या शब्दावर काट मारली, आणि शेजारी तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'खिडकीवरची बाई सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलते.'

टक्केसाहेबांनी वाचलं. मग तिच्याकडे बघितलं. परत वाचलं.

"ताई, हे तुम्ही तुमच्या हातानं लिहिताय? याचा अर्थ वर काय घेतील, कळतंय ना?"

"कळतंय."

"शंभर टक्के?"

"शंभर."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. डॉक्टरीणबाई मात्र कागदाकडे बघतच नव्हत्या. त्या खिडकीताईकडे बघत होत्या.

"एकोणीस जणांना मीही गमावलं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं माझ्या दारापासून वीस पावलांवर हे चाललंय, आणि मी कधी बाहेर येऊन ऐकलं नाही. माझं दार जाड आहे ना." मग त्यांनी टक्केसाहेबांकडे मोर्चा वळवला. "खिडकीवर त्रास विचारायचाच कशाला? नावसुद्धा नको. नंबरची चिठ्ठी द्यायची, बाकीचं आत, माझ्यासमोर."

"आणि काचेचं भोक वर करा," शिपाई दारातून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण चार दिवस खिडकीवर बसून त्याचा घसा बसला होता.

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: वर खरा कागद जाईल, जसाच्या तसा. खिडकीला एक महिना. परत येणारी माणसं निम्म्याच्या वर गेली तर खिडकी राहील. नाही गेली तर यंत्र येईल, आणि खिडकीताई भांडारात.

*

त्या दुपारी तिनं मागच्या खोलीत जाऊन बाविसावा नंबर लावला. हे यादीत नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंना विचारूनच लावला.

"काका, मी मनाच्या दवाखान्यातून बोलतेय. परवा बोललो आपण."

"हां, हां, तुम्ही! बोला ताई."

"काका, ती खिडकीवरची बाई... ती मीच."

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं ते थांबलं. खिडकीताईनं मोजायला सुरुवात केली. वीस झाले. तीस झाले.

"तुम्ही?" शिंपीकाका म्हणाले. "पण तुमचा आवाज तर चांगला आहे!"

"चुकलं माझं, काका. मला कळलंच नाही."

"अहो, मी तुम्हाला दवंडीवाला म्हणालो!"

"बरोबरच म्हणालात."

मग शिंपीकाकांनी सांगितलं की झोप अजून नाहीच. पहाटे डोळा लागतो तोवर कपडे न्यायला गिऱ्हाईक येतं. मागच्या आठवड्यात एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या. यावंसं वाटतं, पण त्या हॉलमधून, त्या माणसांसमोरून पाय उचलत नाही. एकट्याचा तर नाहीच.

"मागून जिना आहे," ती म्हणाली. "थेट बाईंच्या खोलीकडे जातो. मंगळवारी नऊला मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहीन. तुम्ही नुसतं माझ्या मागून चाला."

"आणि कुणी विचारलं तर?"

"मी एक अक्षर बोलणार नाही. तुमच्याशीही नाही. शब्द देते."

"नमस्कारसुद्धा नको," शिंपीकाका म्हणाले. "लोक बघतात."

"नमस्कारसुद्धा नाही."

टक्केसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "ताई, स्पष्ट सांगतो. तुम्ही हाताला धरून आणलेलं माणूस आकड्यात धरता येणार नाही. आपण होऊन परत आलेले तेवढेच मोजायचे. तुमच्या खिडकीला याचा शून्य टक्के उपयोग."

"नका धरू," ती म्हणाली.

मंगळवारी ती लवकर उठली. डबे भरले, पाणी भरलं. सासूबाईंनी विचारलं, "आज सुट्टी का गं, अशी गप्प?" तिनं नुसतं हसून पदर खोचला. नवऱ्याच्या खांद्याला हात लावून दाराकडे बोट दाखवलं, त्यानं बरं म्हणून मान हलवली, आणि ती जिना उतरली.

कोपऱ्यावर दूध घालणारी बाई भेटली. "काय ताई, आज इतक्या लवकर? कुणीकडे स्वारी?"

खिडकीताई थांबली नाही. तिनं हसून मान तुकवली.

"अगंबाई, घसा बसला का?"

ती परत हसली, गळ्याला हात लावला, आणि शिंपीआळीकडे वळली. नऊ वाजायला अजून पंचवीस मिनिटं होती.